गाणं एका वाटेनं, कॉल दुसऱ्या

गाडी सुरू होते, फोन खिशातच असतो आणि काल अर्धवट राहिलेलं गाणं आपोआप पुढे वाजायला लागतं. तेवढ्यात कॉल येतो. गाणं थांबतं, डॅशबोर्डच्या पडद्यावर नाव उमटतं, स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की बोलणं सुरू. पण जरा कान देऊन ऐकलंत, तर एक गोष्ट खटकते. आत्तापर्यंत ज्या स्पीकरमधून छातीत घुमणारा बास येत होता, त्यातूनच आता पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा आवाज येतोय. स्पीकर तेच, फोन तोच, दोघांतलं अंतरही तेवढंच. मग बिघडलं काय?

बिघडलं काहीच नाही. वाट बदलली.

पडद्यावर ‘ब्लूटूथ जोडलं’ असं दिसतं, ते अर्धंच खरं असतं. फोन आणि गाडी यांच्यात एकच दोरी बांधलेली नसते. प्रत्येक कामासाठी त्यांच्यात वेगळा करार होतो, आणि या कराराला प्रोफाइल म्हणतात. गाण्यासाठी ए-टू-डी-पी, कॉलसाठी एच-एफ-पी म्हणजे हँड्सफ्री प्रोफाइल, पुढचं-मागचं गाणं लावायला आणि गाण्याचं नाव पडद्यावर आणायला ए-व्ही-आर-सी-पी, फोनबुक उतरवून घ्यायला पीबॅप. यातला एक करार शाबूत आणि दुसरा मोडलेला, असं सर्रास होतं. म्हणून ‘गाणी वाजतात पण कॉल गाडीत येत नाही’ ही तक्रार वाटते तितकी विचित्र नाही. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावावर दाबलं की ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी दोन वेगळी बटणं बऱ्याच फोनांवर दिसतात. ती वेगळी का, याचं उत्तर इथंच आहे.

आता दोन वाटा कशाला? गाणं थांबू शकतं, बोलणं थांबू शकत नाही, म्हणून.

गाणं आधीच तयार असतं. फोन त्याचे तुकडे करतो, आकसून लहान करतो आणि गाडीकडे धाडतो. गाडी ते लगेच वाजवत नाही, आधी थोडा साठा करते. वाटेत एखादा तुकडा हरवला, तर साठा संपायच्या आत तो पुन्हा मागवता येतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आकसायचं काम करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एस-बी-सी नावाचा कोडेक ए-टू-डी-पीमध्ये प्रत्येकाला यावाच लागतो, आणि तो चांगल्या दर्जात सेकंदाला सुमारे 328 किलोबिट पाठवतो. सीडीवरचा आवाज सेकंदाला 1,411 किलोबिट खातो, म्हणजे चौपटीहून जास्त. तरी धावत्या गाडीत, टायरच्या घरघरीत, हा फरक ओळखणारा कान विरळाच. एएसी, एलडॅक वगैरे महागड्या कोडेकवर लोक तावातावाने वाद घालतात. उभ्या गाडीत, काचा वर करून तो घालायला हरकत नाही.

साठ्याची किंमत म्हणजे उशीर. फोनमध्ये वाजलेला सूर गाडीत सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा उशिरा पोचतो. गाण्याला त्याचं काही वाटत नाही, पण गाडी उभी करून व्हिडिओ पाहायला बसलात, तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

बोलण्यात एवढा उशीर परवडत नाही. दोन्ही बाजूंनी थोडा थोडा वेळ गेला, की माणसं एकमेकांच्या वाक्यात घुसतात, मग दोघंही ‘बोला, बोला’ म्हणत थांबतात. म्हणून कॉलसाठी ब्लूटूथ वेळा राखून ठेवतं. त्याच्या घड्याळाचा एक ठोका 625 मायक्रोसेकंदांचा असतो आणि ठरलेल्या ठोक्यांवर आवाजाचा तुकडा जातो, तसाच उलटही येतो. तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवायला फारच थोडी सवलत असते. नाहीच मिळाला तर सोडून पुढे जायचं. दोन्ही दिशांनी, वेळेवर आणि न साठवता जायचं म्हटल्यावर ओझं हलकं ठेवावंच लागतं. जुन्या पद्धतीत सेकंदाला 64 किलोबिट, आवाजाचे 8,000 नमुने (म्हणजे क्षणोक्षणी घेतलेली मापं) आणि एकच वाहिनी. डावा-उजवा हा प्रकारच उरत नाही.

सेकंदाला 8,000 नमुने घेतले, की 4,000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 4,000 कंपनांच्या, वरचं काहीही टिपता येत नाही. आपल्या स्वरांना त्याची फारशी झळ पोचत नाही, पण ‘स’चा सुस्कारा बराचसा त्याच्या वरच राहतो. तो कापला गेला, की ‘सोड’ आणि ‘फोड’ यांतलं नेमकं काय सांगितलं, हे संदर्भावरून ओळखावं लागतं. 2011 साली आलेल्या हँड्सफ्रीच्या 1.6 आवृत्तीने नमुने दुप्पट केले, 16,000 केले, आणि आवाज एकदम जवळ आला. मात्र हा फायदा मिळायला फोन, गाडी, दोन्हीकडचं नेटवर्क आणि पलीकडचा फोन अशा सगळ्यांनाच तो यावा लागतो. एक जरी जुना निघाला, तरी सगळ्यांना त्याच्याच चालीने चालावं लागतं.

ही दुसरी वाट फक्त कॉलच वापरतो असंही नाही. ज्या ज्या ॲपला गाडीचा माइक हवा, ते ते याच वाटेवर येतं. आवाजी मदतनीसाला हाक मारली, बोलून मेसेज लिहायला घेतला, की गाडी कॉल आल्यासारखी वागते. नकाशाच्या सूचनांचं उलट आहे. त्या बहुतेक वेळा गाण्याच्या वाटेने जातात, म्हणून गाडीत रेडिओ लावला असेल तर ‘उजवीकडे वळा’ हे वाक्य निमूटपणे वाया जातं. काही नकाशा-ॲपमध्ये सूचना फोन कॉलसारखी पाठवायचा पर्याय असतो. तो निवडला, की सूचनेपुरता खोटा कॉल लागतो, गाडी रेडिओ थांबवते आणि वळण चुकत नाही. आवाज डब्यातला येईल; वळण कळल्याशी कारण.

कॉलच्या वाटेवर आवाजाच्या जोडीला हुकूमही फिरत असतात, आणि ते पाहिले की मला गंमत वाटते. गाडीतलं हिरवं बटण दाबलं, की गाडी फोनला ‘ए-टी-ए’ ही अक्षरं पाठवते. म्हणजे कॉल घे. नंबर लावायचा तर ‘ए-टी-डी’ आणि पुढे आकडे. कॉल आला, की फोन गाडीला ‘रिंग’ असा शब्द धाडतो. ही भाषा 1981 साली हेज कंपनीच्या मोडेमसाठी बनली होती, संगणक टेलिफोनच्या तारेला जोडायच्या काळात. तारा गेल्या, मोडेमची किरकिर गेली. भाषा मात्र नव्याकोऱ्या गाडीच्या पोटात तशीच चालू आहे. फोनची बॅटरी आणि नेटवर्क किती आहे हेही त्याच भाषेत शून्य ते पाच अशा आकड्यांत सांगितलं जातं, म्हणून फोनवर 63 टक्के दिसत असताना गाडीच्या पडद्यावर नुसत्या दोन-तीन दांड्या दिसतात.

आवाज कमी-जास्त करण्याचा घोळही इथलाच. कॉलचा आवाज शून्य ते 15 अशा पायऱ्यांवर चालतो. गाण्याचा, दोघांनाही ती सोय असेल तर, शून्य ते 127. दोन वेगळ्या पट्ट्या, दोन वेगळ्या आठवणी. म्हणून गाणं मोठ्याने ऐकणाऱ्याला कॉलवर पुटपुट ऐकू येते, किंवा पहिल्याच ‘हॅलो’ला दचकायला होतं. कॉलचा आवाज कॉल चालू असतानाच नीट करून ठेवावा, गाडी तो लक्षात ठेवते. आणि गाणंच मुळात क्षीण येत असेल, तर गाडीचं बटण पिळण्याआधी फोनवरचा आवाज वर आहे का ते बघावं.

आता प्रतिध्वनी. हँड्सफ्रीमधलं सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी कौतुक झालेलं काम हेच. गाडीत पलीकडच्याचा आवाज स्पीकरमधून मोठ्याने येतो, काचांवर आपटतो आणि छतातल्या माइकमध्ये शिरतो. तो तसाच परत गेला, तर पलीकडच्याला स्वतःचंच वाक्य मागाहून ऐकू येईल. त्यावर उपाय वजाबाकीचा. स्पीकरला आपण काय दिलं हे यंत्राला ठाऊक असतं. ते काचांवरून, सीटांवरून फिरून माइकपाशी कसं पोचेल याचा अंदाज करायचा आणि माइकच्या आवाजातून तेवढं वजा करायचं. उरतं ते चालकाचं बोलणं. अडचण एवढीच, की अंदाज सारखा बदलतो. खिडकी उतरवली, मागे कुणी बसलं, की आवाजाच्या वाटा बदलल्या. म्हणून वजाबाकी करणारी ही गाळणी आपली चूक बघून स्वतःला सुधारत राहते. असं सुधारत जायची सुटसुटीत रीत 1960 साली स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ यांनी शोधली. हाच हॉफ पुढे इंटेलमध्ये पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक ठरला. टेलिफोनवरच्या प्रतिध्वनीसाठी अशी स्वतः शिकणारी गाळणी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेत आकाराला आली, आणि त्यात मनमोहन सोंधी या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. 1967 सालचा त्यांचा लेख आजही या विषयातला पाया मानला जातो. तेव्हा प्रश्न उपग्रहाचा होता. सुमारे 36,000 किलोमीटर वर जाऊन खाली येणाऱ्या आवाजाला पाव सेकंद लागायचं, आणि प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने परतायचा.

दोन यंत्रांनी एकाच वेळी वजाबाकी केली तर हिशेब बिघडतो. म्हणून कॉल जोडताना गाडी फोनला सांगू शकते, की तुझं गाळणं बंद ठेव, ते मी बघते.

यातून एक उपयोगाची खूण मिळते. कॉलवर तुम्हाला स्वतःचा आवाज परत ऐकू येत असेल, तर दोष बहुधा पलीकडच्याच्या यंत्रात असतो. तुमच्या गाडीने केलेला गोंधळ तुम्हाला कधीच ऐकू येत नाही, तो समोरचा सोसतो. मला गाडीतून बोलताना बरेच महिने लोक सांगत होते, की तू विहिरीतून बोलतोयस. मी नेटवर्कला नावं ठेवत राहिलो. शेवटी कळलं, की चश्मा मी जिथं अडकवून ठेवत होतो, नेमकं त्याच्यामागे माइकचं छिद्र होतं.

या दोन्ही वाटा ज्यावर चालतात त्या ब्लूटूथच्या रेडिओबद्दल थोडक्यात. (ब्लूटूथ हे नाव डेन्मार्कच्या दहाव्या शतकातल्या राजावरून आलं, ही गोष्ट सगळीकडे छापून येते, इथं एवढंच पुरे.) वायफायच्याच 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात 79 वाहिन्यांवर ते सेकंदाला 1,600 उड्या मारतं. 2003 सालच्या 1.2 आवृत्तीपासून ज्या वाहिन्यांवर गर्दी आहे त्या टाळून उडी मारायला ते शिकलं. या लहरी पाणी सहज शोषतं, आणि माणूस बराचसा पाणीच. मागच्या खिशातल्या फोनवरचं गाणं तुटत असेल, तर तो बाहेर काढून बघावा. फोनमधली ॲप गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या अँड्रॉइड ऑटोच्या ‘बिनतारी’ प्रकारात नकाशा आणि गाणी वायफायवरून येतात, ब्लूटूथ सुरुवातीची ओळख करून देतं. कॉल मात्र तिथंही ब्लूटूथवरूनच जातो. फोन तारेने जोडलेला असला तरीसुद्धा.

पहिल्या जोडणीला दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसतात आणि आपण न वाचताच ‘हो’ म्हणतो. ते आकडे गुप्त नसतात. दोघांनी मिळून एक किल्ली बनवलेली असते आणि आकडे जुळले, तर मध्ये तिसरा कुणी बसलेला नाही एवढी खात्री पटते. मध्ये बसलेल्याला ते नुसत्या नशिबाने जुळवायचे, तर दहा लाखांत एक संधी. ही रीत 2007 साली 2.1 आवृत्तीबरोबर आली. त्याआधी 0000 किंवा 1234 असा ठरलेला पिन चालायचा. 2005 साली ट्रायफिनाइट गटाच्या अभ्यासकांनी ‘कार व्हिस्परर’ नावाची करामत दाखवली. त्या सर्वश्रुत पिनच्या जोरावर रस्त्यावरच्या परक्या गाडीतलं बोलणं ऐकता येत होतं, वर तिच्या स्पीकरमधून बोलताही येत होतं.

जोडणी अचानक हटवादी झाली, तर गाडीचं नाव फोनमधून पुसून भागत नाही. किल्लीची एक प्रत गाडीकडेही असते. दोन्हीकडून पुसावं आणि नव्याने ओळख करून द्यावी. भाड्याची गाडी परत करताना किंवा आपली विकताना तर हे विसरूच नये. पीबॅपने उतरवून घेतलेली नावं आणि नंबर गाडीत राहून गेलेले असू शकतात.

हात मोकळे झाले म्हणजे लक्षही मोकळं झालं, असं मात्र दिसत नाही. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी 2001 पासून प्रयोग करून दाखवलं, की फोन हातात असो वा हँड्सफ्री, बोलण्यात गुंतलेल्या चालकाची प्रतिक्रिया सारखीच मंदावते. 2008 सालच्या त्यांच्या एका प्रयोगात लोकांना नकली गाडीत बसवून महामार्गावरच्या ठरलेल्या थांब्यावर बाहेर पडायला सांगितलं होतं. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे तो थांबा ओलांडून पुढे निघून गेले. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणारे बहुतेक जण बरोबर उतरले, कारण शेजाऱ्याला रस्ता दिसत होता. तो मध्येच म्हणायचा, अरे, वळायचंय ना? फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही. हँड्सफ्रीच्या त्या जुन्या भाषेत कॉल थांबवून ठेवायचा हुकूम आहे, पण तो स्टिअरिंगवरच्या माणसालाच द्यावा लागतो.