सातासमुद्रापारच्या भुकेशी आपला काय संबंध?

परदेशातल्या मदतकार्याला पैसे पाठवणाऱ्याला एक टोमणा हमखास ऐकावा लागतो: जवळचे गरजू संपले का? प्रश्न जुना आहे. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने अठराव्या शतकात लिहिलं होतं की, अख्खा चीन भूकंपात गडप झाल्याची बातमी आली तर युरोपातला एखादा सज्जन हळहळेल आणि रात्री शांत झोपेल. पण उद्या आपली करंगळी जाणार असं कळलं तर त्याचा डोळा लागणार नाही. (करंगळी वाचवण्यासाठी हाच माणूस कोट्यवधींचा बळी मात्र देणार नाही, असंही स्मिथ पुढे म्हणतो. ते सहसा कोणी सांगत नाही.)

पण दूरच्यांना मदत करणाऱ्यांचा इतिहास चाळला, तर ती माणसं त्यांना तितकी दूरची वाटतच नव्हती, असं दिसतं. १७५५ च्या भूकंपात लिस्बन उद्ध्वस्त झालं तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने एक लाख पौंडांची मदत मंजूर केली. लिस्बनमध्ये ब्रिटिश व्यापाऱ्यांचं बस्तान होतं, तेव्हा करुणेच्या जोडीला हिशेबही होताच.

चॉक्टॉ लोकांकडे असा कुठलाच हिशेब नव्हता. अमेरिकी सरकारने १८३१ पासून या मूलनिवासी जमातीला मिसिसिपीतल्या तिच्या भूमीवरून पश्चिमेकडे हुसकावलं. थंडी, उपासमार आणि कॉलऱ्याने हजारो माणसं वाटेतच गेली. त्याला जेमतेम सोळा वर्षं झाली होती, तोच आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. १८४७ मध्ये त्यांनी वर्गणी काढून १७० डॉलर पाठवले. (पुष्कळ ठिकाणी हा आकडा ७१० असा उलटसुलट छापला गेला आहे.) आयर्लंड त्यांच्यापैकी कोणी पाहिलं असण्याची शक्यता कमीच, पण जमिनीवरून हाकललं जाणं आणि उपाशी मरणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कधी हा धागा वेदनेचा नसतो, अपराधी भावनेचा असतो. पहिलं महायुद्ध थांबल्यावरही मित्रराष्ट्रांनी नाकेबंदी उठवली नव्हती आणि जर्मनी-ऑस्ट्रियातली मुलं भुकेने खंगत होती. एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईने १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या मुलांची छायाचित्रं असलेली पत्रकं वाटली. तिला अटक झाली, पाच पौंड दंड झाला आणि तेवढी रक्कम खुद्द सरकारी वकिलाने तिला देऊ केली, असं सांगतात. त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही मदतसंस्था उभी राहिली. १९४२ मध्ये ऑक्सफर्डला जमलेल्या ज्या समितीतून पुढे 'ऑक्सफॅम' ही मदतसंस्था झाली, तिचं कारणही असंच: नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये दुष्काळ होता आणि ब्रिटिश नाकेबंदीमुळे धान्य पोचत नव्हतं. या लोकांच्या लेखी भूक परदेशातली असली, तरी जबाबदारी आपल्याच सरकारची होती. मला हे कारण निव्वळ दयेपेक्षा भक्कम वाटतं.

पुढे टीव्ही आला. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राची हाडं वर आलेली मुलं १९६८ मध्ये घराघरात दिसली. १९८४ मध्ये इथिओपिया. नातं नव्हतं तिथे चेहऱ्याने ते जोडलं. आकडेवारीपेक्षा एकाच मुलाचं नाव आणि फोटो दाखवला की माणसं जास्त देतात, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतही पाहिलं आहे. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने पूर्व बंगालच्या निर्वासितांना समोर ठेवून १९७२ मध्ये युक्तिवाद केला, की समोर बुडणारं मूल आणि हजारो मैलांवरचं मूल यांत नैतिक फरक काहीच नाही. युक्तिवाद खोडून काढणं कठीण आहे, पण 'हाच देश का?' याचं उत्तर त्यात नाही.

ते उत्तर आयर्लंडकडे आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या नवाहो आणि होपी या मूलनिवासी जमातींच्या वस्त्यांना कोरोनाने गाठलं, तेव्हा त्यांच्यासाठीच्या ऑनलाइन निधीत आयर्लंडमधून देणग्यांची रीघ लागली. सोबतच्या संदेशांत १८४७ ची आठवण होती. पैसे चॉक्टॉंना जात नव्हते, दुसऱ्याच जमातींना जात होते. देणाऱ्यांना ते ठाऊक होतं.