बांगड्या 'वाढवणं' आणि फोडणं: हेरवाडच्या ठरावामागचा इतिहास

एरवी काकणाला तडा गेला तरी आपल्याकडे 'फुटलं' म्हणत नाहीत, 'वाढवलं' म्हणतात. मंगळसूत्रही तुटत नाही, वाढतं. इतकी जपणूक करणारे हातच नवरा गेला की बाईच्या बांगड्या दगडावर फोडतात, कुंकू पुसतात, जोडवी ओढून काढतात. तिला धड रडूही न देता.

हे सारं थांबवण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. ठरावामागे करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांची खटपट होती. कोरोनात एक सहकारी गेला, त्याच्या पत्नीच्या वाट्याला आलेले विधी त्यांनी पाहिले, आणि 'माझ्यामागे माझ्या बायकोला हे नको' असं त्यांनी चक्क स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं.

विधवांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हताच. पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा. जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते 1863 मध्ये. मुंबईत 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचं ठरवलं; ज्याच्या हातात हत्यार त्यानेच ते खाली ठेवावं, हे मला त्या शतकातलं सर्वांत धीट पाऊल वाटतं. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, पुढे आश्रम उभा केला.

पण यातला बराचसा झगडा ब्राह्मण आणि तत्सम जातींतल्या रूढींशी होता. केशवपन तिथलं, पुनर्विवाहाची बंदीही मुख्यतः तिथलीच. इतर अनेक जातींत पाट लागायचा, मोहतूर व्हायचा, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न होई. बांगड्या फोडणं मात्र जातीची वेस ओलांडून घरोघर होतं, आणि सुधारकांच्या मोठ्या लढायांत ते बाजूला पडलं. केशवपन संपलं, विधवा शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या. दहाव्याचा दिवस तसाच राहिला.

हेरवाडनंतर हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनेही तसाच ठराव केला. 17 मे 2022 रोजी ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. हा कायदा नव्हे. शिवाय बांगड्या फोडायला पुढे होतात त्या बहुधा घरातल्याच बायका, त्यांतल्या काही स्वतः विधवा. आणि नदीकाठी त्या वेळी ग्रामसेवक नसतो.