जपानी प्रणयपरंपरा

प्रेमी युगुलांचे आकर्षण, भेट, सहवास आणि विरह यांभोवती जपानमध्ये सुमारे तेराशे वर्षांत रूढ झालेले संकेत, विधी व कलारूपे यांचा समावेश जपानी प्रणयपरंपरेत होतो. ती अखंड किंवा एकजिनसी नाही. तिचा काही भाग हेआन दरबारातील मोजक्या सरदार घराण्यांचा, काही एदो काळातील शहरी व्यापारी वर्गाचा आहे. आज जोडप्यांपुढे ‘पुरातन’ म्हणून मांडले जाणारे बरेच काही मात्र विसाव्या शतकातील पर्यटन आणि मिठाई व्यवसायाने घडविले आहे. या सर्व थरांत एक धागा दिसतो : प्रत्यक्ष मीलनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्याच्या आधीच्या प्रतीक्षेला आणि नंतरच्या आठवणीला दिलेले आढळते.

आठव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या ‘मान्योशू’ या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहातील सुमारे ४,५०० कवितांत प्रेमिकांनी परस्परांना पाठविलेल्या कवितांचा स्वतंत्र विभाग आहे. इ. स. ९०५ च्या सुमारास सम्राटाच्या आज्ञेने संकलित झालेल्या ‘कोकिनशू’च्या वीस खंडांपैकी पाच खंड प्रेमाला वाहिलेले असून त्यांची मांडणी प्रेमाच्या पहिल्या चाहुलीपासून ते विस्मरणापर्यंतच्या क्रमाने केलेली आहे.

हेआन काळात (७९४–११८५) उच्चवर्गीय पुरुष रात्री पत्नीच्या माहेरी जाई आणि उजाडण्यापूर्वी परत येई. स्त्रिया पडदे व चिकांच्या आड बसत असल्याने पुरुषाला तिची ओळख होई ती अक्षराचे वळण, कागदाचा रंग, चिकेखालून दिसणारी बाहीची किनार आणि वस्त्रांचा सुगंध यांवरून. ऊद, लवंग, चंदन इत्यादींची पूड मधात मळून केलेल्या गोळ्या निखाऱ्यावर तापवीत, त्यावर जाळीदार चौकट ठेवून वस्त्र पसरीत आणि ते धुपवून घेत. प्रत्येक घराण्याचे मिश्रण वेगळे असल्याने अंधारातही माणूस वासावरून ओळखू येई. पत्रात ३१ अक्षरांची कविता असे आणि ते ऋतूला साजेशा फांदीला बांधून पाठवीत.

रात्री दोघांची वस्त्रे एकावर एक पांघरली जात व पहाटे ज्याची त्याने उचलून नेसायची असत. या ताटातुटीनंतर पुरुषाने त्याच सकाळी पाठवायच्या पत्राला ‘किनुगिनु नो फुमि’ म्हणत. ते जितके लवकर येई तितकी ओढ खरी मानली जाई, उशीर झाला तर दासीसुद्धा कुजबुजू लागत. सलग तीन रात्री भेट झाल्यावर तिसऱ्या रात्री जोडप्याला तांदळाचे ‘मोची’ (चिकट गोळे) देत आणि पुढे मेजवानीने विवाह जाहीर होई. या पद्धतीचे काव्य मोहक असले तरी तिचा भार विषम होता, कारण पुरुषाला अनेक घरे मोकळी असत आणि स्त्रीच्या वाट्याला वाट पाहणे येई. दहाव्या शतकातील ‘कागेरो निक्की’ या रोजनिशीच्या लेखिकेने एकदा पहाटे दार ठोठावणाऱ्या नवऱ्याला दारच उघडले नाही. तो दुसऱ्या स्त्रीकडे निघून गेल्यावर तिने सकाळी कविता लिहून ती रंग उतरलेल्या शेवंतीला खोचून त्याच्याकडे धाडली.

एदो काळात (१६०३–१८६८) प्रणय छापील चित्रांत आणि रंगभूमीवर आला. ‘शुंगा’ ही कामचित्रे स्त्री-पुरुष दोघेही पाहत, त्यांना ‘हसवणारी चित्रे’ असेही म्हणत, आणि १७२२ च्या बंदीनंतरही ती पुस्तके भाड्याने देणाऱ्यांमार्फत घरोघरी पोचत राहिली. त्यांत संपूर्ण नग्नता तुलनेने कमी असून वस्त्रांच्या घड्या व नक्षी यांवर चित्रकाराचा हात अधिक रमलेला दिसतो. कितागावा उतामारोच्या १७८८ मधील एका प्रसिद्ध चित्रात स्त्री पाठमोरी आहे. तिची मान उघडी दिसते, आणि पुरुषाचा केवळ एक डोळा तिच्या केशरचनेखालून डोकावतो. मानेचा हा मागचा भाग किमोनोच्या मागे ओढलेल्या गळपट्टीमुळे उघडा राहतो व जपानी सौंदर्यदृष्टीत तो विशेष मोहक मानला जातो. याच काळातील योशिवारा या परवानाप्राप्त वेश्यावस्तीचे रम्य वर्णन आजही केले जाते, परंतु तेथील बहुसंख्य मुली कुटुंबाच्या कर्जापोटी विकल्या गेलेल्या होत्या. ही बाब वगळून ‘नाजूक विलासाचा काळ’ असे चित्र उभे करणे अप्रामाणिकपणाचे ठरते.

उत्सवांपैकी ‘तानाबाता’ हा चीनमधून आलेला सण प्रेमिकांशी थेट जोडलेला आहे. विणकरीण ओरिहिमे (अभिजित तारा) आणि गुराखी हिकोबोशी (श्रवण तारा) यांना आकाशगंगेने दूर केले असून सातव्या महिन्याच्या सातव्या रात्रीच त्यांची भेट होते. लोक रंगीत कागदपट्ट्यांवर इच्छा लिहून त्या बांबूला बांधतात. विवाहाचे जोड जुळविण्यासाठी इझुमो येथील ओकुनिनुशी देवाची ख्याती आहे. शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या पद्धतीचा मंदिरविवाह मात्र १९०० साली युवराजांच्या लग्नानंतर लोकप्रिय झाला. ठरवून केलेल्या लग्नांपेक्षा प्रेमविवाहांची संख्या १९६० च्या दशकाच्या अखेरीस अधिक झाली.

आधुनिक नात्याची सुरुवात बहुधा ‘कोकुहाकु’ने, म्हणजे भावना स्पष्ट बोलून दाखवून होकार मागण्याने होते. एरवी सूचकतेवर पोसलेल्या या संस्कृतीतील ही रोखठोक प्रथा लक्षणीय आहे. शाळकरी मुले एका छत्रीचे चित्र काढून तिच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना दोन नावे लिहितात. १४ फेब्रुवारीला स्त्रिया पुरुषांना चॉकलेट देतात आणि १४ मार्चच्या ‘व्हाइट डे’ला पुरुष परतफेड करतात. हा दुसरा दिवस मिठाई उत्पादकांनी १९८० च्या आसपास रूढ केला.

जोडप्यांच्या सहलीचे मुख्य ठिकाण म्हणजे ‘ओनसेन’, अर्थात उष्ण झऱ्यांची गावे. ह्योगो प्रांतातील किनोसाकी येथे सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत. पाहुणे ‘युकाता’ हा हलका सुती किमोनो आणि ‘गेता’ या लाकडी चपला घालून कालव्याकाठाने एकातून दुसऱ्यात जातात. युकाताची डावी बाजू उजवीवर यावी लागते, कारण उलट पद्धत मृतदेहासाठी वापरतात. कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावे लागते व रुमाल पाण्यात बुडवायचा नसतो. स्नानगृहे बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असल्याने एकत्र स्नान करू इच्छिणारी जोडपी तासाच्या हिशेबाने खासगी कुंड घेतात किंवा खोलीलाच जोडलेले कुंड असलेली ‘र्योकान’, म्हणजे पारंपरिक अतिथिगृहे, निवडतात. जुने एकत्र स्नान एदो शहरात (आजचे टोकियो) १७९१ साली निषिद्ध ठरविले गेले, तरी ग्रामीण भागात ते टिकले. आओमोरीतील सुकायुसारख्या ठिकाणी आजही एकत्र कुंड आहे, मात्र तेथे स्त्रियांसाठी राखीव वेळ ठेवलेली असते.