नाण्याआडून सांगितलेलं मत

निवडणूक जवळ आली, की आमच्या परभणीकडे मोबाईलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द दर वेळी थोडे वेगळे असतात, सूर तोच: आजच्या तरुणांना लोकशाही नकोय, सर्वेक्षणातून धक्कादायक निष्कर्ष. मागच्या खेपेला तो आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला गेला आणि दोन-तीन माना लगेच हलल्या. खाली एक लिंक होती, ‘तुम्हीही मत नोंदवा’ अशी. म्हणजे ज्याला सर्वेक्षण म्हटलं होतं, ती त्या लिंकवर बोट ठेवणाऱ्यांची नुसती बेरीज होती.

मी तालुक्याच्या ठिकाणी संख्याशास्त्र शिकवतो. ज्यांच्याबद्दल ते वाक्य होतं, ती मुलं रोज माझ्यासमोर बसतात. त्यामुळे मला राग आला, आणि तो राग आकडा वापरून केलेल्या अन्यायाचा होता. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, “अहो, हजारो लोकांनी मत दिलंय, खोटं कसं असेल?” लेख लिहायला बसलो तो या एका वाक्यामुळे.

हजारो लोक म्हणजे खरं मत, हा समज किती पक्का आहे! पण आपल्या शेतकऱ्याला यातली खोच चांगली ठाऊक आहे. सोयाबीनचा विमा मिळणार की नाही, हे बरंचसं पीक कापणी प्रयोगावर ठरतं. महसूल मंडळातलं, म्हणजे आसपासच्या काही गावांतलं, प्रत्येक शेत कोणी कापून बघत नाही. यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, काही गट नंबर निघतात. त्या शेतात ठरावीक मापाचा प्लॉट आखतात, तेवढाच कापतात, मळतात, वजन करतात. आता समजा, चिठ्ठी न टाकता “ज्यांना वाटेल त्यांनी आपलं सोयाबीन घेऊन तहसीलला या” अशी दवंडी दिली, तर? शंभर पोती जमली तरी मंडळाचं सरासरी उत्पादन कळणार नाही. कोण आलं आणि कोण आलं नाही, यावरच सगळा आकडा उभा राहील. ही चिठ्ठीची पद्धत पिकांसाठी शास्त्रशुद्ध करणाऱ्यांत आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. फार छोटा प्लॉट आखला तर कापणारा कडेची झाडं नकळत आत ओढतो आणि उत्पादन फुगतं, हा मुद्दा त्यांनी प्रशांतचंद्र महालनोबिसांसारख्या दिग्गज संख्याशास्त्रज्ञाशी वाद घालून मांडला.

मोबाईलवरची मोजणी म्हणजे दवंडी देऊन जमवलेलं सोयाबीन. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदासाठी लँडन विरुद्ध रूझवेल्ट अशी लढत होती, तेव्हा ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं जवळजवळ एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात लँडन यांना दोनच राज्यं मिळाली आणि रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. नावं टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतली होती, आणि मंदीच्या काळात फोन-मोटार कोणाकडे होती हे उघड आहे. शिवाय पत्राला उत्तर देण्याची तसदी घेणारेही वेगळे निघाले.

मराठवाड्यात ही चूक टाळणं आणखी अवघड आहे, कारण इथला तरुण गावात सापडतच नाही. तो लातूरला क्लाससाठी खोली करून राहतो, चाकण-रांजणगावला कंपनीत असतो, किंवा बीडकडचा असेल तर दिवाळीनंतर कोयत्यावर गेलेला असतो. २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याचे नेमके तेच दिवस. ज्याचं नाव गावच्या यादीत आणि खोपी फडाच्या कडेला, त्यानं मत दिलं नाही तर त्याला ‘उदासीन’ म्हणणं मला मान्य नाही. गावात जाऊन विचारणाऱ्याला पारावर बसलेली चार मुलं भेटतात आणि तीच ‘ग्रामीण युवक’ म्हणून अहवालात जातात.

निवडणूक आली की आकड्यांच्या जोडीला कुंडल्याही निघतात, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. २७ ज्योतिषांनी उत्तरं दिली, त्यातली ४६ टक्के बरोबर आली. नुसतं नाणं उडवलं असतं तर सरासरी पन्नास आली असती.

नाण्याचं नाव निघालंच आहे, तर मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता तिथे येतो.

समजा चिठ्ठी नीट टाकली. योग्य मुलगी निवडली गेली. विचारणारा तिच्या घरी पोचला. ओसरीवर चुलते बसलेत, आजी तांदूळ निवडतेय, शेजारचे दोघं उगाच येऊन उभे राहिलेत. तो विचारतो, “दुसऱ्या जातीत लग्न केलेलं तुम्हाला चालेल का?” ती काय सांगणार? बऱ्याचदा ती काही सांगतच नाही, भाऊच उत्तर देतो. हाच प्रश्न कॉलेजात, सरांसमोर विचारला तर उत्तर उलटं येतं, कारण तिथे ‘चालेल’ म्हणणं शोभून दिसतं. मतासाठी पैसे घेतले का, जात बघून मत दिलं का, नेत्यावर टीका केलेली खपेल का, या सगळ्या प्रश्नांचं असंच. विचारणाऱ्याचं आडनाव कळलं तरी उत्तर बदलतं. माणूस खोटारडा आहे म्हणून असं होत नाही. त्याला त्याच गावात राहायचं असतं.

१९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर या अमेरिकी अभ्यासकानं यावर तोड सुचवली: उत्तर देणाऱ्याला दैवाच्या आड लपू द्यायचं. या कल्पनेचं पुढे निघालेलं सोपं रूप आधी बघू. प्रत्येकानं आपापलं नाणं उडवायचं आणि कोणाला दाखवायचं नाही. छापा आला तर मनात काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं.

समजा २०० जणांना विचारलं आणि १४० जण ‘हो’ म्हणाले. साधारण १०० जणांना छापा आला असणार, त्यांचे १०० ‘हो’ नाण्याचे. उरले ४०. हे काटा आलेल्या १०० जणांमधले, म्हणजे खरं बोलणारे. तेव्हा खरं प्रमाण ४० टक्के. आता ‘हो’ म्हणणाऱ्या एखाद्या मुलीला घरी कोणी दरडावलं, तर ती शांतपणे म्हणू शकते, “मला छापा आला होता.” यावर जगात कोणाकडे उत्तर नाही. एकेकीचं मत झाकलेलं राहतं आणि सगळ्यांचं मिळून मत मात्र दिसतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

वर्गात हे समजावून सांगत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, पण ‘नाही’ म्हणणारा तं उघडा पडला की! छापा आला असता तं तो ‘हो’च म्हणला असता.”

तिचं अगदी बरोबर होतं. या सोप्या रूपात ‘नाही’ नेहमी खरंच असतं. ज्या प्रश्नात फक्त ‘हो’ म्हणणं धोक्याचं, तिथे हे चालतं. पण जातीबाहेरच्या लग्नाच्या प्रश्नात घरी ‘हो’ची भीती आणि कॉलेजात ‘नाही’ची लाज. दोन्ही झाकायला हवीत. आणि वॉर्नरची मूळ पद्धत तेच करते.

त्यासाठी नाण्याऐवजी फासा घेऊ. १ ते ४ आलं तर पहिलं वाक्य वाचायचं: ‘दुसऱ्या जातीतलं लग्न मला मान्य आहे.’ ५ किंवा ६ आलं तर दुसरं: ‘दुसऱ्या जातीतलं लग्न मला मान्य नाही.’ जे वाक्य वाट्याला आलं, त्यावर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच सांगायचं. कोणतं वाक्य आलं ते सांगायचं नाही. म्हणजे ‘बरोबर’चा अर्थ दोन्ही बाजूंनी लागू शकतो आणि ‘चूक’चाही.

पुढचं गणित जरा सावकाश वाचा. समजा ३०० जण आहेत. साधारण २०० जणांना पहिलं वाक्य आणि १०० जणांना दुसरं येणार. सगळ्यांनाच लग्न मान्य असतं तर पहिल्या वाक्याचे २०० ‘बरोबर’ म्हणाले असते. कोणालाच मान्य नसतं तर दुसऱ्या वाक्याचे १०० ‘बरोबर’ म्हणाले असते. म्हणजे येणारा आकडा १०० आणि २०० यांच्या दरम्यान कुठेतरी पडणार. तो १४० आला, तर १०० पासून २०० पर्यंतच्या वाटेवर आपण ४० पावलं आलो. मान्य असणारे ४० टक्के. तपासून बघा: २०० पैकी ४० टक्के म्हणजे ८० जण पहिल्या वाक्याला ‘बरोबर’ म्हणतील, १०० पैकी मान्य नसलेले ६० जण दुसऱ्याला. बेरीज १४०.

इथे फाशाऐवजी नाणं घेतलं तर? १५० जणांना पहिलं वाक्य, १५० जणांना दुसरं. सगळ्यांना मान्य असलं तरी ‘बरोबर’ १५०, कोणालाच नसलं तरी १५०. वाटच उरली नाही, चालणार कुठे? सोप्या रूपात निर्धोक चालणारं नाणं मूळ पद्धतीत पूर्ण निकामी ठरतं. गुप्तता शंभर टक्के झाली की माहिती शून्य होते. फासा या दोन टोकांच्या मध्ये उभा राहतो, आणि किती झाकायचं, किती उघडायचं हे फाशाच्या बाजू वाटून आपण ठरवू शकतो.

याची किंमत मोजावी लागते. खऱ्या मतात दैवाचा गोंगाट मिसळला, की अंदाज डळमळीत होतो. थेट विचारून सगळे खरं बोलले असते, तर २०० जणांत ४० टक्क्यांचा अंदाज साधारण ७ टक्के इकडे-तिकडे हलला असता. नाण्याच्या सोप्या पद्धतीत तो १३ टक्के हलतो. तेवढीच अचूकता हवी तर २०० ऐवजी ७०० लोक लागतात. वर सांगितलेल्या फाशाच्या पद्धतीत तर २०० च्या नऊपटीहून जास्त. एवढी माणसं गाठायला वेळ, पैसा आणि पायपीट लागते. वर, लोकांचा फाशावर विश्वास बसायला हवा. नियम कळला नाही, किंवा यात काहीतरी चलाखी आहे असं वाटलं, तर ही पद्धतही कोसळते. म्हणून आधी वर्गातल्या रोल नंबरसारख्या, पडताळता येणाऱ्या गोष्टीवर खेळून दाखवावं लागतं.

झाकलेलं मत मिळालं तरी प्रश्न काय विचारला हे उरतंच. अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या २०१७ च्या सर्वेक्षणात भारतातल्या ५५ टक्के लोकांनी संसद-न्यायालयाची आडकाठी नसलेला खंबीर नेता चांगला म्हटलं. बातमी तेवढीच होते. पण त्याच सर्वेक्षणात निवडून दिलेल्या प्रतिनिधींचं राज्य चांगलं म्हणणारेही बहुमतातच होते. दोन्ही बहुमतं असतील तर काही माणसं दोन्हीकडे मोजली गेलेली असणारच, हे शाळेतलं गणित आहे. त्या माणसांना ‘हुकूमशाही हवी’ असं म्हणायचं होतं, की ‘तलाठ्याकडे चौथ्यांदा हेलपाटा मारायचा नाही’ असं? प्रश्नाच्या रचनेत ते वेगळं काढलेलंच नाही.

आणि ‘आजची पिढी’ हा शब्द. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला १९७८ ला, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत या प्रश्नावर इथले तरुण दोन्ही बाजूंनी रस्त्यावर होते. तेव्हाचे विशीतले आज पन्नाशी ते पंचाहत्तरीच्या दरम्यान आहेत. मार्च १९८९ पासून मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, त्या वेळचे पहिले अठरा वर्षांचे मतदार आता पन्नाशी ओलांडून गेलेत. आजच्या विशीतल्या मुलाची तुलना आजच्या साठीच्या माणसाशी केली, तर वयाचा फरक आणि पिढीचा फरक एकमेकांत मिसळून जातो. साठीचा माणूस विशीत असताना काय म्हणाला होता, त्याच्याशी ताडून बघायला हवं, आणि त्यासाठी तोच प्रश्न त्याच शब्दांत दर काही वर्षांनी विचारत राहावा लागतो. एका लिंकवर ते होत नाही.

त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी घरून सापशिडीचा फासा आणला. मी वर्गाला म्हटलं, आता प्रश्न तुम्ही काढा. कागद गोळा केले. लोकशाही हवी की नको, हा प्रश्न एकानंही लिहिला नव्हता. ‘ग्रामसभेत आम्हाला बोलू देतात का?’ असं बऱ्याच जणींनी लिहिलं होतं. ‘मत कोणाला द्यायचं हे घरात कोण ठरवतं?’ होतं. ‘मतासाठी पैसे घेतले का?’ असं तिघांनी लिहून पुढे कंसात एकच सूचना केली होती, की हा प्रश्न आधी आमच्या वडिलांना आणि कॉलेजातल्या सरांना विचारा, फासा आम्ही देतो.