कासव ऊन का खाते?

गेल्या सप्टेंबरात, बदली होऊन दूर निघालेल्या एका कुटुंबाकडून एक कासव आमच्या घरी कायमचे राहायला आले. बशीएवढे, हिरवट पाठीचे, डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा असलेले. मत्स्यालयाच्या दुकानांत सर्रास विकले जाणारे, रेड-इअर्ड स्लायडर नावाचे हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. चार वर्षे ते बैठकीच्या खोलीत, खिडकीशेजारच्या काचेच्या टाकीत वाढले होते. पाणी स्वच्छ असे, खाणे वेळेवर मिळे आणि बंद खिडकीतून सकाळचे ऊन टाकीवर येई, असे त्या कुटुंबाने सांगितले, आणि त्यात काही खोटे नव्हते. तरीही मी त्याला हातात घेऊन कवचाच्या मागच्या कडेवर अंगठ्याने हलकेच दाब दिला, तेव्हा ती कडा डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणासारखी लवली. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचे कवच थोडे मऊ असते, पण चार वर्षांच्या कासवाची कडा अशी लवता कामा नये.

ओळखीच्या मंडळींनी यावर सुचवलेला उपाय जवळजवळ एकमुखी होता: कवचाला आठवड्यातून एकदा खोबरेल तेल चोळा. हा सल्ला मोबाइलवरच्या संदेशांतूनही फिरत असतो, आणि तो देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. त्यामागे मात्र एक मोठा गैरसमज आहे. कवच म्हणजे कासवाने पाठीवर वाहिलेले घर, म्हणजेच शरीराबाहेरची वस्तू, जिला वरून पॉलिश करता येते, असा तो समज आहे.

कासवाचे रिकामे कवच एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पाहायला मिळाले, तर ते उलटे करून आत अवश्य पाहावे. छताच्या मधोमध पाठीचा कणा चिकटून गेलेला दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद, सपाट झालेल्या बरगड्या एकमेकींशी सांधलेल्या दिसतात. घरच म्हणायचे असेल, तर त्या घराचे आढे आणि वासे म्हणजे कासवाचाच कणा आणि बरगड्या आहेत. आपल्या खांद्याचे हाड बरगड्यांच्या बाहेर असते, कासवाचे मात्र बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत असते. चीनमधील ग्वेइझोऊ प्रांतात सापडलेल्या आणि 2008 साली वर्णन केल्या गेलेल्या ओडोंटोकेलिस या सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाला पोटाकडचे कवच पूर्ण होते, पाठीवर मात्र नुसत्याच रुंदावलेल्या बरगड्या होत्या. म्हणजे कवच हा सांगाडाच आहे. त्यावर आपल्या नखांप्रमाणे केराटिनचे बनलेले खवले असतात. स्लायडरच्या पाठीवर सहसा 38, पोटावर 12. खवल्यांचे जोड आणि खालच्या हाडांचे जोड मुद्दाम चुकवल्यासारखे वेगवेगळ्या ठिकाणी येतात, जसा गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही. हाडात रक्तवाहिन्या आणि चेता असतात, त्यामुळे कवचावरचा स्पर्श कासवाला जाणवतो आणि जखम दुखते. मऊ झालेले कवच हे मऊ झालेले हाड आहे. तेल त्या हाडापर्यंत पोहोचत नाही, ते खवल्यांवर धूळ आणि बुरशी धरून ठेवते.

मग हाड मऊ का झाले? याचे उत्तर मला फार सुंदर वाटते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

हाडाला कॅल्शियम लागते, आणि आतड्यातून ते रक्तात नीट शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. कासवाच्या त्वचेत, आपल्याप्रमाणेच, 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूत कार्बन अणूंची चार कडी एकमेकांना जोडलेली असतात. सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील किरण, ज्याला अतिनील-ब म्हणतात, या रेणूवर पडला की त्यातले दुसरे कडे एका ठिकाणी तुटते आणि उघडते. जे तयार होते ते अजून जीवनसत्त्व नव्हे, ते पूर्व-जीवनसत्त्व होय. प्रकाशाचे काम इथे संपते. पुढच्या पायरीला प्रकाश लागत नाही, ऊब लागते. रेणूच्या एका टोकाचा हायड्रोजन अणू उडी मारून दुसऱ्या जागी बसतो, दुहेरी बंधांची मांडणी बदलते आणि ‘ड-3’ जीवनसत्त्व तयार होते. ही उडी तापमानावर अवलंबून असते, आणि आपले शरीर कायम 37 अंशांच्या आसपास असल्यामुळे आपल्याला या पायरीची कधी दखलच घ्यावी लागत नाही. कासवाचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच गार असते.

इथे आणखी एक गुंता आहे. पूर्व-जीवनसत्त्वाचा रेणू उघडल्यावर बिजागरीसारखा फिरू शकतो. त्याच्या एका वळणात हायड्रोजनची उडी शक्य असते. दुसरे, सरळ पसरलेले वळण अधिक स्थिर असते, पण त्यात ती शक्य नसते. नुसत्या द्रावणात ठेवला, तर रेणू या दुसऱ्या वळणात पडून राहतो. मायकेल हॉलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली इग्वाना या सरड्याच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की 25 अंशांना त्वचेत निम्मे रूपांतर व्हायला सुमारे 8 तास लागतात, तर साध्या द्रावणात त्यालाच सुमारे 72 तास लागतात. पेशीच्या पडद्यातील मेदरेणू या पूर्व-जीवनसत्त्वाला योग्य वळणात आवळून धरतात, म्हणून थंड रक्ताच्या प्राण्याचेही काम चालते. तरीही, त्वचा जितकी उबदार तितके हे काम लवकर उरकते.

मराठीत ‘ऊन’ हा शब्द सूर्यप्रकाशासाठीही वापरतात आणि ऊन-ऊन भात म्हणताना गरमपणासाठीही. कासवाला नेमके हे दोन्ही एकत्र हवे असते. दगडावर चढून, मान ताणून, मागचे पाय पसरून ते ऊन खात बसते, तेव्हा एकाच बैठकीत किरण कडे तोडत असतो आणि ऊब हायड्रोजनला जागी बसवत असते. स्लायडर कासवांवरच 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिनील-ब दिवा मिळालेल्या कासवांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी दिवा न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळली.

आता त्या खिडकीकडे परत येऊ. खिडकीची साधी काच दृश्य प्रकाश आत सोडते, ऊब सोडते, पण अतिनील-ब किरण जवळजवळ पूर्ण अडवते. त्या कासवाला चार वर्षे ऊन दिसत होते, जाणवतही होते, पण ज्या किरणासाठी ते ऊन खात होते तो किरण काचेपलीकडेच राहत होता. पहिली पायरी झालीच नाही, तर उबेने रूपांतर कशाचे व्हावे? अशा वेळी रक्तातील कॅल्शियम घटू लागते. स्नायू आणि हृदय त्यावाचून चालत नाहीत, म्हणून परावटू ग्रंथीचे संप्रेरक हाडांतले कॅल्शियम काढून रक्तात आणते. घरखर्च भागत नाही म्हणून एकेक दागिना मोडावा, तसे कवच मोडले जाते. कासव खात असते, पोहत असते; दोष दिसतो तो कडा लवू लागल्यावर.

आमच्या पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढले, औषधाचे मोजके प्रमाण ठरवून दिले आणि स्वतःच्या मनाने ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब पाजू नका, असे बजावले. तोंडावाटे अतिरिक्त गेलेले जीवनसत्त्व साठून राहते आणि कॅल्शियम मूत्रपिंडासारख्या मऊ अवयवांत साचू शकते. उन्हाने असे होत नाही, कारण जादा पूर्व-जीवनसत्त्वावर पुन्हा किरण पडले की त्याचे ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल हे निष्क्रिय पदार्थ होतात. मात्र उन्हाच्या तापाने कासव मरू शकते. उथळ टबात, सावलीविना, भर उन्हात ठेवलेले कासव थोड्याच वेळात भाजून निघते. म्हणून अर्ध्या टबावर फळी हवी आणि माणसाने जवळ थांबायला हवे. टाकीत पाणी 24 ते 27 अंश आणि बसण्याची कोरडी जागा 30 ते 33 अंश असावी. घरात दिवा लावायचा तर तो अतिनील-ब देणारा आणि त्याच जागी ऊब देणारा दिवा सोबत, असे दोन्ही लागतात, आणि मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. असा दिवा डोळ्यांना उजळ दिसत राहिला तरी त्याचे अतिनील उत्सर्जन ओसरत जाते. तो उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, सहसा 6 ते 12 महिन्यांत, बदलावा.

कॅल्शियम पोटात जायला तर हवेच. नुसती वाळलेली कोळंबी किंवा खिमा देत राहिल्यास फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे जाते. काट्यासकट बारीक मासळी, शेवग्याचा कोवळा पाला, पाण्यावर वाढणारे डकवीड आणि चांगले तयार खाद्य यांचा मेळ घालावा. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकते, म्हणून तो नको. माकुळाच्या अंगातून निघणारा समुद्रफेस काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. त्याचा पाठीमागचा कडक पापुद्रा खरवडून काढावा आणि पांढरा ठिसूळ भाग पाण्यात तरंगू द्यावा. आमचे कासव तो कुरतडते, तेव्हा खडूसारखा बारीक आवाज येतो.

कवचाचे सगळेच बदल आजाराचे नसतात. पातळ, पारदर्शक खवले सुटून पाण्यात तरंगणे ही स्लायडरची नैसर्गिक कात आहे. ते ओढून काढू नयेत. जड पाण्याचे पांढरे डाग क्षारांचे असतात. पण दुर्गंधी, खवल्याखालचा मऊ खड्डा, त्यातून झिरपणारा द्रव किंवा पोटाकडील लालसर झाक दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुणे टाळू नये. कासवाच्या अंगावर माणसाला आजारी पाडणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि त्यांच्यामुळेच अमेरिकेत 1975 पासून 4 इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे.

कासव घरात ठेवल्याने लक्ष्मी येते, असे सांगून ही पिल्ले विकली जातात, आणि वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो, अशा थापेपायी रानातली कासवे पोत्यात भरून अंधारात डांबली जातात. स्लायडर असो वा स्टार कासव, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी साधारण 18 नखेच असतात. स्टार कासव किंवा आपल्या तळ्यांतले फ्लॅपशेल घरी बाळगणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे; असे कासव कुणाकडे दिसल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. स्लायडर वाढले, नकोसे झाले, म्हणून देवळाच्या तळ्यात किंवा नदीत सोडणे हेही तितकेच वाईट. जगातील 100 सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि स्थानिक कासवांची ऊन खाण्याची जागा व अन्न ते बळकावते. ते 20 ते 30 वर्षे जगते, मादी फूटभर होऊ शकते आणि कवचाच्या प्रत्येक इंचामागे सुमारे 40 लिटर पाणी लागते. हा हिशेब त्याला घरी आणण्यापूर्वीच करायचा असतो.

आमच्या कासवाला आता रोज सकाळी गॅलरीत, मधे काच नसलेल्या कोवळ्या उन्हात, विटेवर अर्धा तास मिळतो आणि दुपारी दिव्याखाली जागा असते. दर रविवारी मी अंगठ्याने मागची कडा तपासतो. सात महिन्यांनी ती आता लवत नाही. मऊ असताना वर वळलेला तिचा आकार मात्र तसाच कायम राहणार आहे.