हँडलवाला ज्युमार निवडताना
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नौपाड्यातल्या आमच्या दुकानात ज्युमार, म्हणजे लावलेल्या दोरावरून वर चढताना दोर पकडणारं साधन, घ्यायला आलेला गिऱ्हाईक काउंटरवरचे तीन-चार नग हातात तोलून बघतो आणि विचारतो, "यातला चांगला कुठला?" आम्ही उलट विचारतो, "कुठल्या दोरावर लावणार, आणि सोबत काय काय आहे?" शनिवारी गर्दीत एवढं बोलणं होत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं आहे. घरी नेऊन सावकाश वाचा, मग या.

मुळात लागतो का?

पावसाळ्यात धबधब्याचं रॅपलिंग, कधीतरी सांदण दरी आणि एरवी येऊर-माहुलीची भटकंती, एवढाच बेत असेल तर ज्युमार घेऊ नका. सहा मिलिमीटर कॉर्डचे दोन प्रुसिक लूप (दोराभोवती गुंडाळून वजन आलं की आवळणारी गाठ मारायचे फास) घ्या, ती गाठ डोळे मिटून बांधता येईल इतका सराव करा आणि उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट घ्या. हे ऐकून काही जण नाराज होतात, पण वापर नसलेला ज्युमार माळ्यावर गंजण्यापेक्षा ते बरं.

ज्युमारचं खरं काम लावलेल्या दोरावरून वर जायचं. वाशिंदजवळचा वजीर, जीवधनची वानरलिंगी, तैलबैलाची भिंत अशा ठिकाणी लीडर (सगळ्यात आधी चढणारा) वर जाऊन अँकर (दोर बांधायचा पक्का आधार) करतो, दोर लावतो आणि मागची मंडळी ज्युमारिंग करत येतात. हिमालयातल्या मोहिमांत फिक्स रोपवर तोच हातात असतो. उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत कोर्सला निघाला असाल तर संस्थेची यादी आधी वाचा, मग खरेदीला निघा.

तो धरतो कसा, आणि कुठे सोडतो

दोर फ्रेम आणि कॅम (फिरणारा दातेरी तुकडा) यांच्या मधून जातो. ज्युमार वर ढकलला की दोर मोकळा सरकतो. खाली वजन आलं की कॅम फिरतो आणि त्याचे तिरपे दाते दोराच्या वरच्या आवरणात रुततात. स्वित्झर्लंडमध्ये ॲडॉल्फ युसी आणि वॉल्टर मार्टी यांनी १९५८ साली पहिला ज्युमार बनवला तेव्हापासून हे तत्त्व बदललेलं नाही. मात्र तो जुना नग ओतीव ॲल्युमिनिअमचा होता आणि कातळावर आपटला की त्याला तडा जायची भीती असे. एखाद्या क्लबच्या जुन्या पेटीत असा नग सापडला तर काचेच्या कपाटात ठेवा, दोराला लावू नका.

पकडणारे दातेच दोर फाडूही शकतात, हे ज्युमार घेणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यायला हवं. युरोपच्या ईएन ५६७ मानकात ज्युमारने दोरावर ४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ४०० किलो वजनाइतका ताण झेलला पाहिजे, अशी अट आहे. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण लावलेल्या दोरात दोन-तीन फुटांची ढील राहिली आणि तुम्ही घसरलात तर बसणारा झटका त्याच्या पुढे जाऊ शकतो. मग दाते आवरण कापतात, आवरण मोज्यासारखं खाली सरकतं आणि आतला गाभा उघडा पडतो. म्हणून ज्युमारवर कधी पडायचं नाही. ज्युमार कायम डोक्याच्या उंचीला किंवा वर, आणि त्याच्यापासून हार्नेसपर्यंतची (कमरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यापर्यंतची) स्लिंग, म्हणजे कापडी जोडपट्टी, ताणलेली. लीड करताना पडणाऱ्याला अडवण्यासाठी तर तो मुळीच नाही. महागड्या कंपनीचा नग घेतला म्हणून या नियमात सवलत मिळत नाही.

दोर आधी, ज्युमार नंतर

प्रत्येक नगावर दोराच्या जाडीची मर्यादा कोरलेली असते. पेत्झल कंपनीच्या ॲसेन्शन या हँडलवाल्या ज्युमारवर ८ ते १३ मिलिमीटर आहे, बाकीच्यांची मर्यादा आसपास किंवा त्याहून अरुंद. मर्यादेत असला म्हणजे झालं, असंही नाही. ८ मिलिमीटरचा नवा, गुळगुळीत दोर आणि ११ मिलिमीटरचा वापरून केसाळ झालेला दोर यांच्यावर तोच ज्युमार वेगळा वागतो. बारीक दोराचं आवरण पातळ, त्यामुळे फाटण्याचा धोकाही जास्त.

सह्याद्रीत ज्युमारिंगसाठी १० ते ११ मिलिमीटरचा सेमी-स्टॅटिक (कमी ताणणारा) दोर, ईएन १८९१ मानकाचा, हीच आमची शिफारस. लीडसाठीच्या डायनॅमिक दोरावरही चढता येतं, पण प्रत्येक पावलाला तो रबरासारखा ताणतो. पहिले काही फूट तर तुम्ही जागच्या जागीच हलता. दमणूक होते ती वेगळीच. खरी काळजी वरच्या धारेची. आपला बेसॉल्ट करवतीइतका धारदार असतो, आणि खालच्या माणसाच्या प्रत्येक उसळीसरशी दोर तिथे घासतो. धारेवर रोप प्रोटेक्टर लावल्याशिवाय खालच्याला हाक देऊ नये.

येताना तुमच्या दोराचा हातभर तुकडा आणा. नसेल तर निदान जाडी आणि मानक लिहून आणा.

डावा की उजवा

उजव्या हाताचा नग उजव्या हातात धरला की कॅमचा खटका बरोबर अंगठ्याखाली येतो. डाव्याचं उलट. उजवा हात जोरकस म्हणून डोळे झाकून उजवा घेणारे पुष्कळ असतात, आणि कातळावर छातीच्या ज्युमारबरोबर वापरायचा तर ते ठीकच आहे. पण बर्फात जाणार असाल तर आइस ॲक्स कुठल्या हातात असेल ते आठवा. ती उजव्यात असेल तर ज्युमार डाव्यात येणार.

हँडल तपासायचं ते हातमोजे घालून. मोहिमेवर वापरणार तेच मोजे आणा, जाड असले तरी. चारही बोटं हँडलमध्ये सहज गेली पाहिजेत आणि एकाच अंगठ्याने खटका उघडून दोर आत घालता आला पाहिजे. काही नगांचा खटका इतका छोटा असतो की उघड्या हाताने मजेत उघडतो आणि मोजा चढवला की सापडतच नाही. सह्याद्रीत अडचण वेगळी: मे महिन्यात घामाने हात निसरडे होतात, तेव्हा पकडीला रबराचा थर असलेला बरा.

खटका उघडून ठेवण्याची सोय बहुतेक सगळ्यांत आहे. ती धक्क्याने आपोआप उघडत नाही ना, हे नग मांडीवर आपटून बघा. दुकानात आपटलात तर आम्ही काही म्हणणार नाही.

भोकं, दाते आणि वजन

खालच्या बाजूला मोठं भोक किंवा दोन भोकं असतात. एकात हार्नेसकडे येणारी स्लिंग, दुसऱ्यात पाय ठेवायचा फूट लूप. दोन असली की गुंता कमी होतो. वरचं भोक बरेच जण विसरतात. दोर तिरपा लावलेला असेल, म्हणजे ट्रॅव्हर्सवर, तर ज्युमार पिळवटून दोर बाहेर यायचा संभव असतो. वरच्या भोकातून कॅराबिनर (उघडबंद होणारी धातूची कडी) घालून त्यात दोर घेतला की ती भीती जाते. म्हणून तिथे तुमचा स्क्रू कॅराबिनर सहज बसतो का, ते बघून घ्या.

कॅमला मधे खाच असलेला नग घ्या. पावसानंतर लाल माती दोरात भिनते, ती दात्यांत बसते आणि दाते दिसेनासे झाले की ज्युमार घसरू लागतो. खाचेतून ती माती बाहेर पडते. बर्फाचंही तेच.

वजनाचा फार विचार करू नका. ॲसेन्शन १६५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बिनहँडलचा पेत्झल बेसिक साधारण त्याच्या निम्मा. उंचावर एक-दोनदाच वापर असेल तर बेसिक चालेल, पण पूर्ण दिवस दोरावर जाणार असेल तर हँडल नसल्याचा राग मनगट काढतं. क्विक रोलसारखे पुली बसवलेले नग बचावाच्या कामाला छान. पहिली खरेदी म्हणून ते आम्ही सुचवत नाही.

एकटा ज्युमार कामाचा नाही

"एक डावा, एक उजवा द्या" असं सांगत बरेच जण येतात. आमचं मत वेगळं आहे. तेवढ्याच पैशांत एक हँडलवाला आणि एक छातीचा ज्युमार, पेत्झलच्या क्रॉलसारखा, घ्या. वानरलिंगीसारख्या सरळसोट जागी किंवा ओव्हरहँगखाली (बाहेर झुकलेल्या कातळाखाली) लोंबकळताना छातीचा ज्युमार तुम्हाला सरळ ठेवतो. पायाने उठायचं, छातीचा ज्युमार दोरावर आपोआप वर येतो, बसायचं, हातातला वर सरकवायचं. दोन हँडलवाले घेऊन हातांनी ओढत जाणारा पहिल्याच टप्प्यात दमतो. उताराच्या कातळावर जोडी चालते, हे मान्य.

फूट लूपची लांबी अशी ठेवा की पाय सरळ करून उभे राहिलात की हातातला ज्युमार छातीच्या ज्युमारच्या जेमतेम वर असेल. स्लिंगची लांबी मोजायची तर तिच्यावर पूर्ण लोंबकळा आणि ज्युमारला हात लावून बघा. हात पोचत नसेल तर स्लिंग लांब आहे, आणि एक दिवस तुम्ही कड्यावर अडकून राहाल. तयार स्लिंग सगळ्यांना बसत नाही, म्हणून ती आम्ही माणसाला दोरावर लटकवूनच देतो.

दोराशी कायम दोन जोड असावेत. छातीचा ज्युमार नसेल तर प्रुसिक लावा, किंवा थोड्या-थोड्या अंतरावर खालच्या दोरात आठची गाठ मारून हार्नेसला अडकवत जा.

सुरुवातीला खालचा दोर हलका असल्याने ज्युमारसोबत वर येतो आणि सरकत नाही. ज्युमार बिघडलेला नसतो. साथीदाराला दोर धरायला सांगा किंवा टोकाला सॅक बांधा.

अँकरपाशी पोचलात की ज्युमार गाठीला भिडवू नका, चार बोटं खाली थांबा. कॅम उघडायचा तर ज्युमार आधी जरा वर सरकावा लागतो. गाठीला टेकला की ती जागाच उरत नाही आणि मग तुमचं सगळं वजन त्याच्यावर असताना ओढाताण सुरू होते. पुढच्या दोरावर जाण्यापूर्वी दुसरी स्लिंग अँकरला, मगच पहिला ज्युमार काढायचा.

आणि उतरता यायला हवं. सुळक्यांवर आग्या मोहोळं असतात, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. माश्या उठल्या तर ज्युमारने खाली यायला फार वेळ लागतो. चढणीवरून डिसेंडरवर (दोरावरून उतरायच्या साधनावर) बदल करायचा सराव जमिनीपासून पाच फुटांवर, जाणत्याच्या समोर, हात सरावेपर्यंत करा. डिसेंडर हार्नेसला नसेल तर वर निघूच नका. हे पत्रक वाचून कुणी ज्युमारिंग शिकत नाही. क्लबमधल्या जाणत्याला धरा.

इमारतींवर काम करणाऱ्यांसाठी

घोडबंदर रोड, वाशी, ऐरोलीच्या टॉवरवर काचा-रंगाचं काम करणारे ठेकेदारही आमच्याकडे येतात. त्यांनी ईएन १२८४१ टाइप बी असा शिक्का असलेला नग मागावा आणि प्रत्येक माणसाला वेगळ्या दोरावर वेगळा बॅकअप द्यावा. गिर्यारोहणाचा शिक्का तेवढा बघून घेतलेला माल या कामाला पुरेसा नाही.

नकली आणि जुना माल

२०११ साली पेत्झलने आपल्या नावाने विकल्या जाणाऱ्या नकली मालाबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यात ॲसेन्शन आणि क्रॉल हे दोन्ही होते. रंग, शिक्का, वेष्टन सगळं हुबेहूब. ऑनलाइन भाव संशयास्पद उतरलेला दिसला तर विक्रेत्याकडे बिल आणि अधिकृत वितरकाचं नाव मागा. नगावर सीई खूण, ईएन ५६७ किंवा यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेचा शिक्का, दोराची जाडी, कुठली बाजू वर ते दाखवणारी खूण आणि नग क्रमांक एवढं असायलाच हवं.

वापरलेला ज्युमार ओळखीच्या माणसाकडून, त्याचा इतिहास माहीत असेल तरच घ्यावा. एकही दात तुटलेला किंवा बोथट, कॅम सोडल्यावर टप्पकन परत न येणं, दोर घासून फ्रेमला पडलेली खोल खाच, यातलं काहीही दिसलं की नग बाद.

घरी आणल्यावर

आपण खाडीकाठी राहतो. गॅलरीच्या ग्रिलला लटकवलेल्या ज्युमारच्या फ्रेमवर पांढरी भुकटी धरते आणि स्प्रिंग गंजते. डोंगरातून आल्यावर ओल्या बॅगेतून लगेच बाहेर काढा. कोमट पाणी, जुना टूथब्रश, दात्यांमधली माती निघेपर्यंत घासा, सावलीत वाळवा. कॅमच्या खिळ्याला तेलाचा एक थेंब, आणि जास्तीचं तेल फडक्याने पूर्ण टिपून घ्या म्हणजे दोराला लागणार नाही. बॅटरी, ॲसिड, फिनाइल यांच्याजवळ ठेवू नका.

धातूच्या नगाला ठरावीक आयुष्य नसतं, तो तपासणीवर चालतो. स्लिंग आणि फूट लूप कापडी, त्यांना मात्र कंपनीने सांगितलेली मुदत असते. बऱ्याच कंपन्या बनवल्यापासून १० वर्षं सांगतात, पण उन्हात आणि कातळावर वापरलेली स्लिंग त्याच्या कितीतरी आधी काढून टाकावी लागते.

आमच्याकडची सोय

दुकानाच्या मागच्या खोलीत तुळईला दोर टांगलेला आहे. हार्नेस, मोजे आणि बूट घेऊन या आणि दोन-तीन नगांवर चढून बघा. येण्याआधी फोन केलात तर दोर मोकळा ठेवता येतो. आमच्याकडून घेतलेल्या ज्युमारची वर्षातून एक तपासणी मोफत, कुठूनही घेतलेला असला तर नाममात्र शुल्कात. दोरावर वापरलेला नग परत घेतला जात नाही, कारण तो आम्ही दुसऱ्याला विकू शकत नाही. डावा-उजवा चुकला असेल आणि नग वापरलेला नसेल तर बिल दाखवून आठ दिवसांत बदलून मिळेल.