किकच्या गाडीला सेल्फ: चेन का झिजते, त्याची पार्श्वभूमी

सातारा-सांगली भागात कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेट अजून रोज रस्त्यावर दिसतात. घरोघरी फौजी असलेल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांच्या या पट्ट्यात ही गाडी घरातल्या माणसासारखी जपली जाते. मालकाचे गुडघे किक मारून थकले की गाडी विकण्यापेक्षा तिला सेल्फ बसवून घेतला जातो. काही महिन्यांनी एकच तक्रार येते: बटण दाबलं की आधी ‘खट्ट’, मग ‘खर्र’, आणि इंजिन अर्धा फेरा घेऊन थांबतं. चेनकेस, म्हणजे चेनचं बंद खोकं, उघडावं तर सेल्फची चेन लोंबलेली, स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळलेले. नवी चेन टाकतात आणि तक्रार परत येते. दोष बहुतेक वेळा चेनच्या दर्जात नसतो. किकसाठी आखलेल्या इंजिनात सेल्फची ताकद कुठून आत घालायची, हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे आणि झीज त्यातूनच येते.

बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये 1880 साली आणली. मोटारीला बटणावर चालू करणारा अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंगचा स्टार्टर 1911 चा, आणि 1912 च्या कॅडिलॅकवर तो विकायला आला. लगेच 1914 मध्ये अमेरिकेच्या इंडियन कंपनीने ‘हेंडी स्पेशल’ या मोटरसायकलवर तोच प्रयोग केला. बॅटऱ्यांनी दगा दिला आणि गाडी वर्षभरात गुंडाळावी लागली. त्यानंतर चार दशकं किकचं राज्य होतं. होंडाने 1950 च्या दशकाच्या शेवटी सी-71 वर सेल्फ दिला, हार्लेची इलेक्ट्रा ग्लाइड 1965 मध्ये आली, होंडा सीबी-750 1969 मध्ये. होंडाची इंजिनं मुळातच सेल्फ धरून आखलेली होती.

ब्रिटिश कंपन्यांना मात्र चालू इंजिनातच जागा शोधावी लागली. नॉर्टन कमांडो 1967 ची. तिच्या 850 मार्क थ्रीला 1975 मध्ये सेल्फ मिळाला. तो अपुरा पडायचा, थंड इंजिनाला किकची जोड लागायची. पण त्याच मार्क थ्रीमध्ये कारखान्याने दोन गोष्टी जोडीनं घातल्या, त्या महत्त्वाच्या आहेत. इंजिनाची ताकद क्लचकडे नेणाऱ्या प्रायमरी चेनला ताणून धरणारा, तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर, आणि सेल्फच्या गिअरमध्ये जास्त जोर आला की सरकणारी यंत्रणा, म्हणजे इंजिनाने उलटा फटका मारला तर दात आणि खोकं वाचावं. बाहेरून बसवलेल्या कित्येक सेल्फमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी गाळलेल्या असतात.

भारतात बटण घराघरांत पोचलं ते कायनेटिक होंडा स्कूटरबरोबर, 1984 नंतर. बुलेट 1955 पासून मद्रासमध्ये बनत होती. जुन्या चार गिअरच्या गाड्या किकवरच राहिल्या. या इंजिनात अल्बियन या ब्रिटिश कंपनीच्या धर्तीचा गिअरबॉक्स क्रँककेसच्या मागे बोल्टने पक्का बसतो, पुढेमागे सरकत नाही. म्हणून 3/8 इंच पिचची (पिच म्हणजे दोन पिनांमधलं अंतर) दुहेरी प्रायमरी चेन ताणायला खालच्या बाजूला एक पट्टीसारखा टेन्शनर आहे.

हा टेन्शनर खालीच का, ते समजून घ्यावं. गाडी चालताना क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा दांडा, चेनला ओढतो. क्रँक पुढे, क्लच मागे. त्यामुळे वरची बाजू ताणलेली आणि खालची ढिली. टेन्शनर ढिल्या बाजूला टेकतो, हे बरोबर आहे. पण सेल्फ बसवायच्या पहिल्या पद्धतीप्रमाणे त्याचा जोर क्लचच्या ड्रमवर दिला तर उलटं होतं. क्लच क्रँकला ओढतो, खालची बाजू ताणली जाते, आणि जी पट्टी फक्त ढिली चेन सांभाळायला ठेवली होती तिच्यावर सगळा झटका येतो. किक मारतानाही हेच घडतं, पण पायाचा जोर हळूहळू चढतो. मोटर एका क्षणात चेनमधला सगळा प्ले (ढिलेपणा) संपवून आदळते. अशा गाडीचा टेन्शनर काढून पाहिला तर दुहेरी चेनच्या पट्ट्यांनी त्यात कापलेल्या समांतर खाचा बोटाला लागतात. प्रायमरीचा प्ले सर्वांत टाइट जागी सुमारे 6 मि.मी. ठेवायचा, क्रँक फिरवून चार-पाच ठिकाणी तपासायचा. सेल्फ बसवला म्हणून चेन जास्त ताणली तर क्रँकचं आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग आधी जातं.

दुसरी पद्धत म्हणजे सेल्फला स्वतःची छोटी चेन आणि क्रँकवर स्प्रॅग, म्हणजे वन-वे क्लच. इंजिन चालू झालं की स्प्रॅग सुटतो आणि ही चेन थांबते. दिवसाला जेमतेम अर्धा मिनिट फिरणारी चेन झिजावी कशी, असं वाटतं. पण ती थांबलेली असते तेच तिला बाधतं. खालून सिंगल सिलिंडरचं कंपन चालू असतं, पिन आणि बुश एकाच जागी घासत राहतात, फटीतलं तेल बाहेर ढकललं जातं आणि गंजासारखी तांबूस पूड सुटते. प्रायमरीला बेल्ट लावून केस कोरडी ठेवली असेल तर या चेनला तेल मिळतच नाही. पावसाळ्यात साताऱ्याजवळ यवतेश्वर-कासच्या बाजूला महिनोन्‌महिने ओल असते. उभ्या गाडीच्या चेनकेसमध्ये वाफ धरते आणि तेल दुधाळ होतं. पावसाळा संपला की हे तेल बदलावंच. 20W-50, ‘जासो एमए’ छाप असलेलं, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचं. कारचं तेल घातलं तर क्लच घसरतो.

ताकदीचा हिशोब करून पाहू. बुलेट 350 ला कॉम्प्रेशन ओलांडताना समजा 40 न्यूटन-मीटर टॉर्क लागला आणि क्रँकवरच्या स्प्रॉकेटची त्रिज्या 40 मि.मी. असली, तर चेनवर 1,000 न्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलोचा ताण येतो. 8 मि.मी. पिचची एकेरी चेन (05 बी) किमान 4,400 न्यूटनला तुटते, 3/8 इंची एकेरी (06 बी) 8,900 ला, दुहेरी 16,900 ला. कागदावर सगळ्याच पुरतात. पण इंजिनाने उलटा फटका दिला की जड फ्लायव्हील एकीकडे आणि मोटर दुसरीकडे, आणि हा ताण क्षणभर कित्येक पट होतो. त्यात मोटरवरचं स्प्रॉकेट छोटं असतं. 11 दात असतील तर प्रत्येक दातागणिक चेनचा वेग सुमारे 4 टक्के कमीजास्त होतो, 17 दातांना तो फरक 1.7 टक्क्यांवर येतो. जागा असेल तर दात वाढवावेत, अर्थात दोन्हीकडचे, नाहीतर गिअरिंग बदलून मोटर दमते.

मोजायचं असं: चेन डिझेलमध्ये धुऊन सपाट फळीवर ताणून ठेवा. 6 इंची व्हर्निअरमध्ये 15 पिच बसतात. एका पिनच्या डाव्या कडेपासून पंधरा पिच पुढच्या पिनच्या डाव्या कडेपर्यंत. 3/8 इंची नवी चेन 142.9 मि.मी. भरते, 8 मि.मी.ची 120. टेन्शनर नसलेल्या जागी 1 टक्का वाढ ही शेवटची हद्द, म्हणजे अनुक्रमे 144.3 आणि 121.2. तीन ठिकाणी मोजा, कारण सेल्फची चेन सारखी झिजत नाही. क्लिपची जोडकडी वापरली असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. दोन पिचमधली वाकडी अर्धी कडी या जागी मुळीच नको.

आता स्प्रॉकेट. किटचं मिळालं नाही की कुपवाड एमआयडीसीतून किंवा साताऱ्यातल्या लेथवरून बनवून घेतात. काम देखणं होतं, पण ईएन-8 या पोलादाचे दात कापून हार्डनिंग न करता बसवले तर ते चेनपेक्षा लवकर जातात आणि जाताना चेनही नेतात. इंडक्शन हार्डनिंग करून घ्यावं. बसवताना दोन्ही स्प्रॉकेटवर सरळ पट्टी धरून पाहावी, अर्ध्या मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर शिम (पातळ चकती) घालावा. रेषेत नसलेल्या चेनच्या आतल्या पट्ट्या एकाच बाजूने चकाकतात, ती खूण लगेच दिसते.

चेन दुसऱ्यांदा गेली असेल तर नवी बसवण्याआधी उलट्या फटक्याचं कारण शोधा. स्पार्क पाडणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मि.मी. ठेवा आणि ऑटो अॅडव्हान्सच्या, म्हणजे वेग वाढला की स्पार्क आधी पाडणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगा पाहा. त्या ढिल्या पडल्या की स्पार्क चालू करतानाच पुढे राहतो आणि पिस्टन वर पोचण्याआधी फटका बसतो. मग बटण दाबून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. 9.6 च्या खाली जात असेल तर मोटर कॉम्प्रेशनवर अडखळते, इंजिन मागे झुलतं आणि मालक पुन्हा बटण दाबतो. चेनला दरवेळी दोन झटके बसतात. किकच्या गाडीतली छोटी बॅटरी इथे चालत नाही, 12 व्होल्ट 14 अँपिअर-अवरची घ्या, आणि अर्थची जाड वायर चासीवर न देता थेट इंजिनाच्या बोल्टवर घ्या.